गेमिंग संगणकातील मंदगती व पडद्याची लुकलुक

गेमिंग संगणकातील मंदगती व पडद्याची लुकलुक या संगणकावर खेळ खेळताना वारंवार आढळणाऱ्या दोन तक्रारी आहेत. खेळातील चित्र अपेक्षित वेगाने पुढे न सरकणे, मध्येच अडखळणे किंवा गोठणे याला मंदगती म्हणतात. पडद्याची प्रकाशमानता किंवा त्यावरील चित्र अनपेक्षितपणे व वारंवार बदलणे, थरथरणे किंवा क्षणभर काळे पडणे याला लुकलुक म्हणतात. ही दोन्ही लक्षणे आहेत. ती स्वतः बिघाड नव्हेत. एकाच लक्षणामागे अनेक कारणे संभवतात आणि लक्षण ज्या भागात दिसते त्याच भागात कारण असेल असेही नाही. ग्राफिक्स कार्ड हा गेमिंग संगणकाचा बहुधा सर्वांत महाग भाग असतो. त्यामुळे निदान न करता तो बदलणे खर्चिक ठरते, आणि मूळ दोष केबलमध्ये, मांडणीत किंवा साचलेल्या धुळीत असेल तर तो खर्च वायाही जातो.

स्वरूप व संज्ञा

संगणकावरील हालते चित्र हे एकामागून एक वेगाने दाखवलेल्या स्थिर चित्रांचे बनलेले असते. अशा प्रत्येक स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात. संगणक दर सेकंदाला जितक्या फ्रेम तयार करतो तो फ्रेम रेट, आणि मॉनिटर दर सेकंदाला जितक्या वेळा चित्र नव्याने दाखवतो तो रिफ्रेश रेट होय. रिफ्रेश रेट हर्ट्झमध्ये सांगतात. हे दोन दर परस्परांपासून स्वतंत्र आहेत आणि बहुतेक गोंधळ या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्याने होतो.

मंदगतीचे स्थूलमानाने चार प्रकार आढळतात :

१. सततची मंदगती : खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत संथ चालतो.
२. अडखळणे : खेळ एरवी सुरळीत असतो, पण मधूनमधून क्षणभर हिसका बसतो.
३. क्रमाने मंदावणे : पहिली दहा-पंधरा मिनिटे खेळ नीट चालतो आणि नंतर वेग घसरतो.
४. गोठणे : चित्र एक-दोन सेकंद किंवा अधिक काळ जागच्या जागी थांबते.

लुकलुकीशी दोन वेगळ्या लक्षणांची गल्लत होते. फ्रेम रेट आणि रिफ्रेश रेट यांचा मेळ बसला नाही तर एका फ्रेमचा वरचा भाग व दुसरीचा खालचा भाग एकाच वेळी पडद्यावर येतो आणि चित्र आडवे फाटल्यासारखे दिसते. याला टिअरिंग म्हणतात. तो बिघाड नव्हे. याउलट पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा ताणलेले त्रिकोण उमटणे ही ग्राफिक्स कार्ड, त्याची मेमरी किंवा ड्रायव्हर यांतील दोषाची खूण असू शकते. ऑनलाइन खेळात इंटरनेटच्या विलंबामुळे पात्रे मागे-पुढे उडी मारताना दिसतात. तेव्हा फ्रेम रेट मात्र स्थिर असतो. अशा विलंबावर संगणकाचा कोणताही भाग बदलून उपाय होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या दोन्ही तक्रारी संगणकीय खेळांइतक्याच जुन्या आहेत. तोमोहिरो निशिकादो यांनी निर्माण केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या जपानी खेळात इंटेल ८०८० हा प्रोसेसर होता. पडद्यावरील सर्व शत्रू हलवताना त्याच्यावर भार पडे आणि ते संथ सरकत. शत्रू मारले गेले की भार कमी होई आणि उरलेले शत्रू वेगाने धावत. ही मर्यादाच पुढे खेळाची रंगत ठरली.

निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ मधील फॅमिकॉम या यंत्राला पडद्याच्या एका आडव्या ओळीवर केवळ ८ हलती चित्रे दाखवता येत. नववे चित्र त्या ओळीवर दिसतच नसे. म्हणून खेळ रचणारे प्रत्येक फ्रेमला चित्रांचा क्रम बदलत, जेणेकरून कोणतेही एक चित्र कायमचे नाहीसे न होता सर्व चित्रे आळीपाळीने लुकलुकत. अर्थात ही लुकलुक बिघाडाची नसून मर्यादेवर काढलेल्या तोडग्याची होती.

काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरमध्ये पडद्यावरील बिंदू प्रत्येक फेरीनंतर विझत असे. त्यामुळे ६० हर्ट्झवर पुष्कळांना लुकलुक जाणवे आणि ७५ ते ८५ हर्ट्झ दर पसंत केला जाई. एलसीडी पडद्यावरील बिंदू पुढील फ्रेम येईपर्यंत टिकून राहतो. त्यामुळे लुकलुकीचे हे जुने कारण संपले, पण पाठप्रकाश, केबलमधील संदेश आणि बदलता रिफ्रेश रेट ही नवी कारणे पुढे आली. संगणकाच्या फ्रेम रेटप्रमाणे मॉनिटरने आपला दर बदलावा यासाठी एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक हे तंत्र जाहीर केले. २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्ट या जोडणीच्या मानकात अॅडॅप्टिव्ह-सिंकचा समावेश झाला आणि एएमडीचे फ्रीसिंक हे तंत्र त्यावर उभे राहिले.

मोजमाप

‘खेळ अडकतो’ एवढ्या वर्णनावरून निदान होत नाही. त्यासाठी मोजमाप लागते. सरासरी फ्रेम रेट हे सर्वांत प्रचलित माप असले तरी ते अपुरे आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद, आणि १४४ फ्रेम म्हणजे सुमारे ६.९ मिलिसेकंद. समजा, एका सेकंदात ५८ फ्रेम प्रत्येकी १२.५ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि उरलेल्या दोन फ्रेमना प्रत्येकी १३७.५ मिलिसेकंद लागले. एकूण फ्रेम ६०च भरतात आणि सरासरी निर्दोष दिसते. पण खेळणाऱ्याला त्या सेकंदात दोन स्पष्ट हिसके जाणवतात.

‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये याच मुद्द्यावर भर देऊन प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत मांडली. पुढे ती सर्वत्र रूढ झाली. आता परीक्षणांत सरासरीसोबत सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा दरही दिला जातो. सरासरी आणि हा दर यांत मोठी तफावत असेल तर तक्रार मंदगतीची नसून अडखळण्याची आहे, असे समजावे.

विंडोजवर प्रेझेंटमॉन, कॅपफ्रेमएक्स व एमएसआय आफ्टरबर्नर, तर लिनक्सवर मँगोहड ही साधने यासाठी वापरली जातात. तापमान, प्रोसेसरची गती व विजेचा वापर पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो उपयोगी पडते. खेळाचा तोच प्रसंग, तीच चित्रप्रत आणि तेवढाच कालावधी ठेवून मोजमाप केले तरच आधीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना करता येते.

मंदगतीची कारणे

चुकीची जोडणी व मांडणी

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डवरील जोडणीत लावली गेल्यास खेळ बहुधा प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर चालतो आणि महागडे कार्ड निष्क्रिय राहते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही विंडोजच्या मांडणीत दर ६० हर्ट्झच राहिलेला असणे हीही नेहमीची चूक आहे. लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्यासाठी खेळ अंगभूत ग्राफिक्सवर सोपवला जाऊ शकतो. बॅटरीवर असताना किंवा कमी क्षमतेचा चार्जर लावलेला असताना लॅपटॉप मुद्दाम आपली गती उतरवतो.

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांतील असमतोल

प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर खेळातील घडामोडींची आकडेमोड करतो आणि मग ग्राफिक्स कार्ड चित्र रेखाटते. दोहोंपैकी जो संथ असेल त्याच्या वेगाने खेळ चालतो. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा बहुधा कार्डाची असते. तो बराच कमी असूनही वेग मिळत नसेल आणि फ्रेम रेटवर मर्यादा घातलेली नसेल, तर मर्यादा प्रोसेसरची किंवा मेमरीची असण्याचा संभव असतो. प्रोसेसरच्या एकूण वापराचा आकडा मात्र फसवा असतो. आठ गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये एकच गाभा पूर्ण भारावला असेल तर एकूण वापर केवळ १२.५ टक्के दिसू शकतो. यावर सोपी कसोटी अशी की खेळाचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. वेग वाढला तर मर्यादा कार्डाची होती. तो तसाच राहिला तर कार्ड बदलून लाभ होणार नाही.

उष्णता

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ठरावीक तापमानाला पोहोचले की स्वतःच्या रक्षणासाठी गती कमी करतात. क्रमाने मंदावण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण होय. जाळीत अडकलेली धूळ, बंद पडलेला पंखा, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा भिंतीला टेकवलेली पेटी यांमुळे उष्णता बाहेर पडत नाही. तापमानाचा आकडा मोठा दिसला म्हणजे दोष आहेच असे नव्हे. उदाहरणार्थ, एएमडीचे रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठीच रचलेले आहेत. तापमानासोबत गती घसरते का, हे पाहणे महत्त्वाचे.

हवेने थंड होणारा कोणताही भाग खोलीच्या तापमानापेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली जितकी तापते जवळपास तितकेच आतील तापमानही चढते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हिवाळ्यात निर्दोष चालणारा संगणक तोच खेळ खेळताना मंदावणे शक्य असते.

मेमरी

एकाच मेमरी पट्टीऐवजी जुळणाऱ्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्यास माहितीच्या वहनाची कमाल क्षमता दुप्पट होते. डीडीआर४-३२०० प्रकारात एका मार्गाची क्षमता सेकंदाला २५.६ जीबी असते. दोन मार्गांची ५१.२ जीबी होते. याशिवाय मेमरीच्या वेष्टनावर छापलेला वेग आपोआप मिळत नाही. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय सुरू करेपर्यंत मेमरी बहुधा कमी वेगानेच चालते. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडली तर माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि हिसके बसतात. अशा वेळी खेळातील टेक्श्चरची प्रत एक पायरी खाली आणणे हा बिनखर्ची उपाय आहे.

साठवण

विस्तृत भूप्रदेश असलेले खेळ पुढील दृश्य डिस्कवरून सतत वाचत असतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर हे वाचन वेळेत होत नाही. एसएसडीतही जागा जवळजवळ संपली की लिहिण्याचा वेग उतरतो.

शेडर व पार्श्वभूमीतील कामे

खेळातील प्रकाश, सावल्या व पृष्ठभाग यांच्या सूचना म्हणजे शेडर. त्या प्रत्येक कार्ड व ड्रायव्हरसाठी वेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. हे काम खेळ चालू असतानाच झाले तर नवे दृश्य पहिल्यांदा आले की हिसका बसतो आणि त्याच ठिकाणी पुन्हा गेल्यावर बसत नाही. ड्रायव्हर बदलल्यानंतर शेडर नव्याने सिद्ध करावे लागत असल्याने पहिल्या काही खेळींत असे होणे स्वाभाविक आहे.

विषाणूरोधकाची तपासणी, विंडोज अद्ययावत होणे, चित्रफीत नोंदवणारी साधने आणि खेळावर तरंगणाऱ्या खिडक्या हीदेखील अडखळण्याची कारणे असतात. विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी या संरक्षक सोयीमुळे काही खेळांचा वेग थोडा घटतो. ती बंद करता येते, परंतु त्यामुळे संगणकाची सुरक्षितता कमी होते.

लुकलुकीची कारणे

केबल व जोडणी

सैल किंवा वाकलेली, अतिलांब अथवा निकृष्ट केबल हे लुकलुकीचे सर्वांत स्वस्तात दूर होणारे कारण आहे. उच्च रिझोल्यूशन व उच्च दर यांना वहनक्षमता पुष्कळ लागते. ३८४० × २१६० बिंदूंचे चित्र प्रत्येक बिंदूला २४ बिट धरून १२० हर्ट्झने दाखवायचे तर केवळ चित्राची माहितीच सेकंदाला सुमारे २३.९ गिगाबिट होते. एचडीएमआय २.० या मानकाची एकूण क्षमता १८ गिगाबिट असल्याने ते चित्र पूर्ण रंगांत तिच्यातून जाऊ शकत नाही. एचडीएमआय २.१ ची क्षमता ४८ गिगाबिटपर्यंत आहे. केबल क्षमतेच्या काठावर चालत असेल तर पडदा मधूनच काळा पडतो, आणि रिफ्रेश रेट एक पायरी कमी केला की तक्रार थांबते.

स्थिर विद्युत

खुर्चीवरून उठताना किंवा बसताना पडदा क्षणभर काळा पडतो, अशी विचित्र वाटणारी तक्रार खरी असू शकते. दट्ट्यावर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतील स्थिर विद्युतभारामुळे विद्युतचुंबकीय स्पंद निर्माण होतो आणि केबल तो पकडते. चांगल्या आवरणाची केबल वापरणे, ती खुर्चीपासून दूर नेणे आणि भिंतीतील सॉकेटचे अर्थिंग तपासणे हे त्यावरील उपाय होत.

बदलता रिफ्रेश रेट

जी-सिंक किंवा फ्रीसिंक सुरू असताना मॉनिटरचा दर सतत वर-खाली होतो. काही पडद्यांवर, विशेषतः व्हीए व ओएलईडी प्रकारच्या, दर बदलला की गडद छटांची प्रकाशमानता किंचित बदलते आणि ती लुकलुक म्हणून जाणवते. खेळ सुरू होण्याची वाट पाहताना किंवा फ्रेम रेट एकदम कोसळताना ती अधिक दिसते. फ्रेम रेटवर मर्यादा घालून तो स्थिर ठेवला किंवा ही सोय बंद केली की लुकलुक थांबते. हा कार्डाचा बिघाड नसून पडद्याचा गुणधर्म आहे.

पाठप्रकाश

काही मॉनिटर प्रकाश मंद करण्यासाठी पाठप्रकाश अतिशय वेगाने चालू-बंद करतात. ही वारंवारता कमी असेल तर काहींना डोळ्यांवर ताण येतो. प्रकाशमानता पूर्ण वाढवल्यावर लुकलुक नाहीशी होत असेल, तर हे कारण असण्याची शक्यता असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसणारे पट्टे मात्र निर्णायक पुरावा नव्हेत, कारण कॅमेऱ्याचा स्वतःचा वेग आणि पडद्याचा दर यांचा मेळ न बसल्यानेही ते दिसतात.

ड्रायव्हर व प्रणाली

सदोष ड्रायव्हर, प्रणालीशी न जुळणारे सॉफ्टवेअर आणि भिन्न रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर यांमुळेही लुकलुक होते. विंडोजमधील मल्टिप्लेन ओव्हरले या सोयीमुळे काही संगणकांवर लुकलुक होत असल्याचे आढळल्यावर ती बंद करण्याचा मार्ग एनव्हिडियाने आपल्या साहाय्यपृष्ठावर दिला होता. ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळेत, म्हणजे मूळ मांडणीनुसार २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ही व्यवस्था विंडोज व्हिस्टापासून आहे. पडदा काळा पडून पुन्हा येणे आणि सोबत ड्रायव्हर सावरल्याची सूचना दिसणे हे तिचे लक्षण होय.

निदानाचा क्रम

निदानाचे मूलतत्त्व असे की एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम मोजावा, नोंद ठेवावी आणि मगच पुढे जावे. बिनखर्ची व सहज पूर्ववत करता येणाऱ्या कसोट्या आधी, आणि खर्चिक किंवा परतीचा मार्ग नसलेल्या कसोट्या शेवटी घ्याव्यात. अनेक बदल एकाच वेळी केले आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही. तो परत आला तर सारा शोध नव्याने घ्यावा लागतो.

लुकलुक असल्यास :

१. मॉनिटरच्या कळा दाबून त्याची स्वतःची यादी पडद्यावर आणावी. ही यादी मॉनिटर स्वतः रेखाटतो. चित्रासोबत तीही लुकलुकत असेल तर संशय मॉनिटरवर किंवा त्याच्या वीजपुरवठ्यावर जातो. ती स्थिर असेल तर केबल, कार्ड किंवा ड्रायव्हर तपासावा.
२. दोष दिसत असताना संगणकातूनच पडद्याचे चित्र टिपावे. टिपलेल्या चित्रात दोष उतरला तर तो चित्र पडद्याकडे निघण्यापूर्वीचा आहे. न उतरल्यास केबल किंवा मॉनिटरचा संशय बळावतो.
३. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडावा. बाकीच्या पडद्यासोबत तोही लुकलुकत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, आणि तो एकटा स्थिर असेल तर न जुळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अशी कसोटी मायक्रोसॉफ्टने दिली आहे.
४. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी. मग केबल, जोडणी व मॉनिटर या क्रमाने एकेक बदलून पाहावे.
५. रिफ्रेश रेट कमी करून आणि बदलत्या दराची सोय बंद करून पाहावे.
६. ड्रायव्हर पूर्णपणे काढून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेतलेला नवा बसवावा. तक्रार नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाली असेल तर जुन्याकडे परत जावे.

मंदगती असल्यास :

१. तक्रार केव्हापासून आहे आणि त्याआधी काय बदलले हे लिहून काढावे.
२. एकाच खेळात मंदगती आहे की सर्व खेळांत, हे पाहावे. एकाच खेळात असल्यास यंत्राचा दोष संभवत नाही असे नव्हे, पण आधी तो खेळ व त्याची मांडणी तपासावी.
३. केबल कार्डाला जोडलेली आहे ना, दर योग्य आहे ना आणि मेमरीचा वेग अपेक्षित आहे ना, याची खात्री करावी.
४. तापमान, गती व वापर यांची वीस-तीस मिनिटे नोंद घ्यावी आणि वेग घसरतो त्या क्षणी कोणता आकडा बदलतो ते पाहावे.
५. ओव्हरक्लॉकिंग, तरंगत्या खिडक्या व पार्श्वभूमीतील कामे बंद करून पुन्हा मोजावे.
६. मेमटेस्ट८६ने मेमरीची आणि एसएमएआरटी नोंदींवरून डिस्कची प्रकृती तपासावी.
७. शक्य असल्यास संशयित भाग दुसऱ्या, सुस्थितीतील संगणकात बसवून पाहावा. दोष भागासोबत गेला तरच तो भाग सदोष मानावा.

दिशाभूल करणारी लक्षणे

विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आवश्यक ठरल्यावर अनेकांनी आपल्या संगणकातील ही सोय सुरू केली. त्यानंतर एएमडीच्या काही रायझन संगणकांवर खेळ व ध्वनी मधूनमधून अडखळू लागले. मार्च २०२२ मध्ये एएमडीने स्पष्ट केले, की फर्मवेअरमधील टीपीएम मदरबोर्डवरील मेमरी चिपशी लांबलेली देवाणघेवाण करत असल्याने हे हिसके बसत होते. मे २०२२ पासून बायॉसच्या नव्या आवृत्त्यांतून त्यावर उपाय उपलब्ध होऊ लागला. ग्राफिक्स कार्ड बदलून हा दोष गेला नसता.

दुसरे उदाहरण इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. अनरियल इंजिनवर बनलेले खेळ सुरू होताना ग्राफिक्स मेमरी संपल्याचा संदेश येई आणि खेळ बंद पडे. संदेश वाचून स्वाभाविकपणे ग्राफिक्स कार्डावर संशय जाई. प्रत्यक्षात दोष प्रोसेसरचा होता : त्याला प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळाल्याने तो अस्थिर होत होता आणि शेडरची माहिती उलगडताना चुका करत होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडमध्ये सुधारणा दिल्या आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या प्रोसेसरांची आधीच झीज झाली होती ते मात्र या सुधारणेने पूर्ववत होत नव्हते. ते बदलून घ्यावे लागत. दोषाचा संदेश हा तपासाचा आरंभबिंदू असतो, निष्कर्ष नव्हे, हे या प्रकरणातून दिसते.

वीजपुरवठा

विजेचा दाब कमी असल्याने खेळ मंद चालतो, असा समज आढळतो. डेस्कटॉपमधील आधुनिक पॉवर सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब स्वीकारतो. तो अपुरा पडला तर संगणक मंदावत नाही. तो अचानक बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. ग्राफिक्स कार्ड काही क्षण आपल्या ठरीव क्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक वीज ओढते. २०२२ मधील एटीएक्स ३.० मानकात असा क्षणिक भार सोसण्याची अट यासाठीच घालण्यात आली.

घरगुती इन्व्हर्टर व स्वस्त यूपीएस यांतून बहुधा शुद्ध साइन लहरीऐवजी पायऱ्यांची लहर मिळते. काही पॉवर सप्लाय तिच्यावर नीट चालत नाहीत आणि वीज गेल्याच्या क्षणी संगणक बंद पडतो. हा दोष संगणकाचा नसतो. १६ पिनांची नवी वीजजोडणी पूर्ण आत बसली नाही तर ती तापून वितळू शकते. अशा घटना २०२२च्या अखेरीस उजेडात आल्या. म्हणून ही जोडणी बसवल्यावर फट राहिली नाही ना, हे डोळ्यांनी तपासावे.

आरोग्यविषयक बाबी

प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तींना लुकलुकत्या प्रकाशामुळे झटका येऊ शकतो. सेकंदाला साधारणतः ३ ते ३० वेळा होणारी लखलख त्यांना अधिक घातक असते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल व निळ्या रंगांची वेगवान लखलख दाखवली गेली. त्यानंतर सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारा मजकूर टाळावा, असे म्हटले आहे. पडदा तीव्रतेने लुकलुकत असेल तर कारण सापडेपर्यंत त्यासमोर, विशेषतः मुलांनी, खेळत राहू नये. लुकलुक पाहताना भोवळ, स्नायूंना हिसके, दृष्टीत बदल किंवा भान हरपणे जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दुरुस्ती व बदल

धूळ काढण्यापूर्वी संगणक बंद करून वीजजोडणी काढावी आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते हाताने धरून ठेवावे, म्हणजे पंखा बेफाम फिरून त्याची झीज होत नाही. बायॉस बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी काढून ठेवावी. हा बदल चालू असताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून वीजपुरवठ्याची खात्री असतानाच तो करावा. पॉवर सप्लाय घरी उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटर वीज काढल्यावरही भारित राहतात.

वेग वाढवण्याची हमी देणारी मोफत सॉफ्टवेअर व नोंदणी साफ करणारी साधने यांचा लाभ क्वचितच होतो, आणि त्यांतून घातक सॉफ्टवेअर शिरण्याचा धोका असतो. बिघडलेले ग्राफिक्स कार्ड भट्टीत तापवून दुरुस्त करण्याची एक युक्ती प्रचलित आहे. तिने दोष गेला तरी तो बहुधा तात्पुरता जातो आणि तापलेल्या भागांतून विषारी वाफा निघू शकतात. अन्न शिजवण्याच्या भट्टीत असा प्रयोग कदापि करू नये.

वॉरंटीच्या मुदतीतील भाग स्वतः न उघडता निर्मात्याकडे किंवा विक्रेत्याकडे द्यावा. देताना दोष केव्हा दिसतो, कोणत्या कसोट्या घेतल्या आणि त्यांत काय आढळले याची लेखी नोंद सोबत दिल्यास ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून भाग परत येण्याची शक्यता कमी होते. दुसऱ्या संगणकातही दोष कायम राहतो असे दिसल्यावरच नवा भाग विकत घेणे योग्य ठरते. सर्व भाग सुस्थितीत असूनही अपेक्षित वेग मिळत नसेल तर तो बिघाड नसून क्षमतेची मर्यादा समजावी. अशा वेळी भाग बदलण्याआधी खेळाची चित्रप्रत कमी करणे व फ्रेम रेट स्थिर ठेवणे हे उपाय करून पाहावेत.